गिद्ध्यात म्हटलेली माझी बोली

इथे अमेरिकेत, सनीव्हेलमध्ये, दिवसभर मला बोलायला माणूस नसतं. मुलगा आणि सून सकाळी ऑफिसला जातात, नातू शाळेत. संध्याकाळी नातवाला काही विचारलं तर तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि मी चौथी शिकलेली. इथल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला एकदा गेले होते. विधवेला उखाणा कोण विचारणार? सगळ्यांचे कोट सांभाळत बसले. पुन्हा गेले नाही.

खालच्या मजल्यावर माझ्याच वयाची एक पंजाबी बाई राहते. तीही विधवा. तिचा दिवस जुळ्या नातींच्या मागे जातो, त्यामुळे लिफ्टमध्ये भेटेल तेवढीच. एकदा म्हणाली, "रविवार को गिद्धा है, बहनजी. चलो. घर बैठके क्या अंडे दोगी?" सुनेनं आम्हाला गाडीनं हॉलवर सोडलं.

गिद्धा हा बायकांचा नाच. सगळ्या रिंगण करून टाळ्या देतात. एकीनं मध्ये येऊन दोन ओळी म्हणायच्या, त्याला बोली म्हणतात. बहुतेक सासूची नाहीतर नवऱ्याची उणीदुणी. शेवटची ओळ रिंगण उचलतं आणि मधली नाचते. टाळी मला लगेच जमली, आमच्या झिम्म्यात हात बसलेला होता. तेवढ्यात शेजारणीनं मला मध्ये ढकललं.

"अब आपकी बारी."

मला पंजाबी येत नाही. तोंडात आलं ते मराठीतच म्हटलं.

"लेक गेला कामाला, सून गेली कामाला,
मी बोलते भिंतीला, भिंत बोलेना मला."

"भिंत बोलेना मला," सगळ्यांनी उचललं. इतक्या बायका, इतक्या जोरात, आणि अर्थ एकीलाही माहीत नाही. गुडघे दुखत होते तरी मी नाचले. नंतर एकीनं अर्थ विचारला. "सास-बहू का है," मी म्हटलं. त्या खूप हसल्या.

शेजारणीनं व्हिडिओ काढून सुनेला पाठवला होता. सुनेनं तो जेवताना लावला. नातू ठेक्यावर चमचा वाजवू लागला. "सो कूल, आजी."

सुनेला मात्र मराठी कळतं. तिनं फोन पालथा ठेवला. आता काहीतरी बोलेल म्हणून मी तिच्याकडे बघत राहिले.

"आई, हे दर रविवारी असतं का?"

"असतं."

"मग दर रविवारी सोडते तुम्हाला. कॅलेंडरवर टाकते."

"टाक," मी म्हटलं आणि ताटं उचलली. सोमवार ते शनिवारचं तिनं विचारलं नाही, मीही काढलं नाही.