पोळ्याच्या दिवशी माणसांच्या खांद्यावर जू

तिसरं पुस्तक संपायच्या आत माझी शाळा सुटली आणि पुढे कापसाच्या तेजीनं मला कोकणातून उचलून वऱ्हाडात आणून टाकलं. काम अमरावतीच्या कापूसबाजारात, मुक्काम वलगावला, एका शेतकरणीच्या ओसरीवर. मी तिला माय म्हणायचो. पाऊस लागला की घरच्या काळजीनं माझा घास अडकायचा. ती म्हणायची, "कावून झुरून राह्यला रे? तिकडची माय तिकडं, इकडची इकडं. जेव!"

त्या वर्षी पोळ्याच्या सकाळी ती नातीला घेऊन नदीपलीकडच्या शेतात पळसाच्या डहाळ्या आणायला गेली, आणि मागून पेढी नदीला पूर चढला. दुपारी पाहतो तर दोघी राखणीच्या मचाणावर. खाली गढूळ पाणी, मचाणाचा एक खांब कललेला. मी ओरडत जाऊन गाव गोळा केलं.

पूर पाहायला तहसीलदार घोड्यावरून आलेच होते. त्यांनी शिपायांना कामाला लावलं. पुरामुळे अडकलेल्या अकोल्याच्या गाडीवानांनी कापसाच्या गाठींना बांधलेले दोर सोडवून दिले. तरंगावी म्हणून वाळल्या भोपळ्यांवर खाट बांधली. दोराचं टोक कमरेला बांधून एक भोई खाटेसकट पलीकडे गेला आणि त्यानं दोर खाटेला बांधून दोघींना वर घेतलं. पण धार अशी, की नुसत्या हातांनी दोर ओढेना.

"बैल जुंपा," तहसीलदार म्हणाले.

कोणी हललं नाही. म्हातारे पाटील पुढे आले. "आज पोया हाय, सायेब. आज बैलाच्या खांद्यावर जू नाई."

"माणसं बुडतायत आणि तुम्ही सण सांगता?"

"सण नाई, बैलाची सुट्टी सांगून राह्यलो. आमचे खांदे हायत ना!"

पाटलांनी गाडीचं जू सोडलं, त्याला दोर बांधला आणि एका बाजूला स्वतः खांदा दिला. तहसीलदार घोड्यावरून उतरले. मग पगडी शिपायाच्या हाती दिली, जोडे काढले आणि दुसऱ्या बाजूला वाकले.

"पाटील, डावा बैल झ्याक भेटला!" एक गाडीवान बैल हाकायची पराणी उगारत ओरडला.

"पराणी आवर आणि ये ओढायला!" तहसीलदार जूखालूनच गरजले.

मग काय, सगळा काठ हसत दोराला भिडला. शेतकरी, शिपाई, गाडीवान, मी. मधल्या धारेत खाट तिरपी झाली तेव्हा मी डोळे मिटून ओढत राहिलो. उघडले तेव्हा खाट चिखलाला टेकली होती आणि पलीकडे मचाण जागेवर नव्हतं. जी आरोळी उठली, ती मला अजून ऐकू येते.

संध्याकाळी मायनं आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळून उरलेलं लोणी-हळद आणलं. तहसीलदारांनी निमूट अंगरखा उतरवला. एकेकाचा सोललेला खांदा मळत ती बैलांना म्हणतात तेच म्हणत होती, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

माझ्यापाशी आली, खांदा मळला आणि तशीच पुढे निघाली.

"माय, मले आवतन नाई?"

"तुले कायचं आवतन? तू तं घरचाच बैल!"