परतीचं इंधन

माझ्या कादंबरीचा पहिला भाग दिवाळी अंकात छापून आला आणि मी फसलो. यानातली माणसं दूरच्या ग्रहाकडे निघताना घरच्यांना म्हणतात, "येतो." दुसरं काय म्हणणार? आपल्याकडे दूध आणायला निघालेला माणूसही "जातो" म्हणाला तर ओरडा खातो. लिहिताना परतीच्या इंधनाचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

तो ताईच्या मनात आला. ताईनं संगमनेरात जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. मलाही तिनंच शिकवलं, कान पिळून. आता यकृताच्या कॅन्सरनं ती अंथरुणाला खिळली होती. अंक वाचून तिनं एवढंच विचारलं, "येतो म्हणालेत. येतील ना रे?"

मी कागद घेऊन बसलो. एक टन यानाला हवा तेवढा वेग द्यायचा, तर निघताना इंधनासकट चार टन वजन लागतं. तिथं पोचून थांबायचंही असेल, तर त्याच्याही चौपट, सोळा. परत निघायचं तर चौसष्ट, घराशी येऊन थांबायचं तर दोनशे छप्पन्न. इंधन वाहायलाच इंधन! तिथंच काही भरून घ्यावं, तर ग्रह मी खर्डा गावच्या उन्हाळी माळासारखा कोरडाठाक रंगवून ठेवलेला, आणि तेही छापून गेलेलं. स्वतःच्या हातांचा इतका राग मला कधी आला नव्हता. पुन्हा पुन्हा मांडलं, सामान कमी केलं, शेवटी माणसंही कमी केली. ती परतली तर ताईही उठेल, असं काहीतरी वेडं डोक्यात बसलं होतं.

शेवटी मी एक थोतांड इंजिन घुसडलं, इंधनच न लागणारं, आणि तिला वाचून दाखवलं.

"खोटंय हे," ती डोळे न उघडताच म्हणाली. "खोड."

"ताई, गोष्टच तर आहे!"

"गोष्टीत काय गणित बदलतं? खोड म्हटलं ना."

मी तिच्यासमोर बसून खोडलं. रडू आवरत नव्हतं.

पुढं डॉक्टरांनी तिच्यादेखतच सांगितलं, आता उपचारांचा उपयोग नाही. लेकीनं तिला पुण्याला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. दारात अँब्युलन्स आली. स्ट्रेचर आत सरकवण्याआधी ताईनं माझा हात धरला. हिशेब तिला माझ्यापेक्षा पक्का येत होता.

"येते रे," ती म्हणाली.