खेळण्यांच्या कपाटाचं कुलूप
पंधरा जून. वर्गातलं खेळण्यांचं कपाट आवरायला घेतलं आणि डांबरगोळ्यांच्या वासाने अमळनेरजवळच्या गावातली माझी पहिली अंगणवाडी आठवली. तिथे खेळणी कुलपात असायची. तपासणीला साहेब आले की सतरंजीवर मांडायची, ते गेले की पुन्हा आत. अशाच एका तपासणीच्या आदल्या दिवशी मी आणि मदतनीस अक्का ठोकळे पुसत बसलो होतो. दारात एक आजोबा रडणाऱ्या नातीला घेऊन उभे राहिले. "हाई पोर काही बसाव नही, बाई. उद्यापासून मायसंगे वावरमा जाई." पण ठोकळे दिसताच पोर गप्प झाली, आत आली आणि लाल ठोकळे निवडून बिस्किटांच्या खोक्यात ठेवू लागली. "मोडले तर साहेबांना काय दाखवाल?" अक्का कुरकुरल्या. "ही पोर दाखवीन," मी म्हटलं. पोरीने खोकं मांडीवर ओढून घेतलं. "बठ्ठं तिनंच शे का आते?" सगळंच तिचं झालेलं पाहून आजोबा हसले आणि तिला न घेताच निघाले. कपाटाला कुलूप न लावायची माझी सवय तेव्हाची. दुसऱ्या दिवशी सकाळी, साहेब यायच्या आधी, मी सगळी खेळणी तिचा हात पोचेल अशा फळीवर मांडली आणि ते कुलूप तांदळाच्या कोठीला लावलं.