आमच्या विसूची भुलीची समिती

दुपारी फोन आला तेव्हा मी करडईची भाजी निवडत बसले होते. नांदेडहून माधव बोलत होता, माझ्या भावाच्या, विसूच्या हाताखाली शिकलेला डॉक्टर. त्यानं नमस्कार केला नाही. एकदम विचारलं, “अक्का, घरात तुमच्याजवळ कोण आहे?” मला तिथंच कळलं. वाईट सांगायचं असलं की डॉक्टर लोक आधी सोबत कोण आहे ते विचारतात, हे विसूनंच मला सांगितलेलं. मी म्हणाले, “कोणी न्हाई. बोल तू.” आणि मीच विचारलं, “वाचून झालं होतं का त्याचं?” माधव म्हणाला, “नाही अक्का. नाव पुकारलं, खुर्चीवरून उठले, आणि...”

माझा धाकटा भाऊ विश्वनाथ, लातूरचा भुलीचा डॉक्टर, दीड महिन्यापूर्वी असा गेला. नांदेडला अधिवेशनाच्या हॉलमध्ये दोन्ही जिल्ह्यांतले भुलीचे डॉक्टर बसले होते. थांबलेला श्वास परत आणायचा हाच ज्यांचा धंदा, ते सगळे भोवती होते. खूप खटपट केली म्हणतात. केली असेल. विसू काय वाचून दाखवणार हेही त्यांना ठाऊक होतं, आणि ते वाचलं जाऊ नये असं त्यांतल्या पुष्कळांना वाटत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आम्ही मूळचे चाकूरकडचे. आई लवकर गेली, विसू माझ्या कडेवर वाढला. मी चौथीतून शाळा सोडली, तो शिकत गेला. हट्टी होता. जेवताना बोलायचा नाही, आणि एकदा ‘न्हाई’ म्हणाला की झालं. त्याची बायको वारली, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हा मी त्याच्याकडे राहायला आले. माझ्याही घरी तोवर कोणी उरलं नव्हतं. भुलीच्या डॉक्टरचं बहुतेक स्वतःचं हॉस्पिटल नसतं, हे मला तिथं आल्यावर कळलं. सर्जनचा फोन आला की बॅग उचलायची, स्कूटर काढायची, भूल द्यायची, ऑपरेशन संपलं की पुढच्या दवाखान्यात. रोगी बरा झाला की पेढे सर्जनला. भूल देणाऱ्याचं तोंडही त्याला आठवत नाही.

या डॉक्टरांची एक संघटना आहे. तिच्या संशोधन समितीचं प्रमुखपद विसूकडे आलं, कारण दुसरं कोणी घेईना. अधिवेशनाच्या समितीत मान असतो, फोटो असतात. संशोधनात चार माणसं, आमची पुढची खोली आणि माझे पोहे. चौघं भांडत बसायचे. दोघांना मोठ्या शहरात करतात तसा एखाद्या महागड्या यंत्राचा अभ्यास हवा होता. विसूला साधी पाहणी हवी होती... आपल्याकडं वर्षभरात भूल कुणाकुणाला दिली, कशी दिली, पुढं त्या माणसाचं काय झालं. तो म्हणायचा, “आपण काय करून राहिलो ते आपल्यालाच ठाऊक न्हाई.” माधव समितीचा चिटणीस होता. तो हसून म्हणायचा, “सर, ठाऊक न्हाई तेच बरं हाय.”

इंग्रजीत पत्र पाठवलं, त्याला कोणी उत्तर दिलं नाही. मग विसूनं मराठीत लिहून सगळ्यांच्या मोबाईलवर टाकलं : ‘गेल्या वर्षातील आपल्या भुली व त्यांचे परिणाम निःसंकोच कळवावेत. नावे गुप्त राहतील.’ त्याला म्हणायची होती सुईची भूल, आणि नावं म्हणजे रोग्यांची. चौघांनीही ते आधी वाचलं होतं. कुणाला खटकलं नाही, कारण त्यांच्या तोंडी दिवसभर तोच शब्द आणि त्याचा तोच अर्थ. मलाही नाही खटकलं. पण ज्यानं त्यानं आपापल्या घरी एकट्यानं वाचलं आणि दुसरीच भूल वाचली. चूक. केलेली चूक.

सुरुवातीला नुसती चेष्टा चालली. एकानं लिहिलं, “सर, आधी तुमच्या भुली येऊ द्या, मग आमच्या.” दुसऱ्यानं लिहिलं, “बायकोला विचारून सांगतो, माझ्या सगळ्या तिला पाठ आहेत.” विसूही हसला आणि दुरुस्तीचं पत्र लिहायला बसला. ते पुरं व्हायच्या आत एक जण दारात आला.

तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलवर आला होता, विसूपेक्षा बराच लहान. हेल्मेट मांडीवर घेऊन बसला. म्हणाला, “सर, नाव गुप्त राहील ना?” विसू म्हणाला, “अरे, त्या पत्राचं असं झालं की...” आणि त्याचं तोंड बघून थांबला. मी चहा घेऊन उभी होते. मला कोणी जा म्हणालं नाही. त्याची रोगी बाळंतीण होती. पाठीत सुई दिली, बाळ काढलं, सगळं ठीक. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यातून फोन, तिथंही टेबलावर रोगी झोपवलेला. “सिस्टरला म्हणालो, आलोच. ती बाईपण ऐकत होती सर. माझ्याकडं बघून हसली.” तो परत आला तोवर तिचा श्वास थांबला होता. घरच्यांना सांगितलं, हृदय अचानक बंद पडलं. चहावर साय धरली, त्यानं कपाला हात लावला नाही.

विसूनं दुरुस्तीचं पत्र पाठवलं नाही.

मग आणखी येऊ लागले. कुणी रडलं, कुणी विसूवरच चिडून गेलं. गावं वेगळी, रोगी वेगळे, पण एक शब्द प्रत्येकाच्या बोलण्यात यायचाच. आलोच. त्या रोग्यांनी शेवटचा ऐकलेला शब्द तो. मी पडद्याआड भांडी विसळत असले तरी तो शब्द आला की हात थांबायचा.

विसूनं हे सगळं नांदेडच्या अधिवेशनात वाचायचं ठरवलं, तसे संघटनेचे अध्यक्ष घरी आले. सभ्य गृहस्थ, त्यांच्यावर माझा राग नाही. म्हणाले, “विश्वनाथराव, तुम्ही नाव झाकाल. पण ज्या तालुक्यात भुलीचा डॉक्टरच एक, तिथं नाव झाकून काय झाकलं जातंय? उद्या लोक दगड घेऊन येतील.” विसू म्हणाला, “गावही सांगत न्हाई. एका वेळी एकच टेबल, एवढा ठराव करा.” अध्यक्ष म्हणाले, “मग दुसऱ्या टेबलावरच्या बाईनं कुठं जायचं? आहेत का आपल्याकडं एवढी माणसं?”  विसूनंही उमेदीत दोन टेबलं सांभाळली होती. त्याचं निभावलं, एवढंच.

त्यानंतर घरातला फोन गप्प झाला. सर्जन दुसऱ्यांना बोलवू लागले. बॅग दिवसचे दिवस टेबलावर पडून राहायची, आणि विसू तिच्याकडं पाठ करून पेपर वाचायचा. समितीतले दोघे यायचे बंद झाले. माधवनं चिटणीसपद सोडलं, पण नांदेडला गाडी त्यानंच नेली. निघताना विसू बुटाची नाडी बांधत म्हणाला, “अक्का, न वाचता परत आलो तर?”

मी म्हणाले, “तर जेवायला वाढीन. दुसरं काय करणार? पण वाचणार असलास तर मोठ्यानं वाच. तुझा आवाज घशात जातो.”

आता समितीला नवे प्रमुख मिळाले आहेत. यंत्राचा अभ्यास घेतलाय म्हणे. विसूचं वाचन ‘पुढच्या वर्षी बघू’.

गेल्या आठवड्यात माझ्या पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालं. भूल द्यायला माधव होता. टेबलावर आडवी झाल्यावर मी त्याला विचारलं, “माधव, आज दुसरं टेबल कुठं हाय?” सिस्टर गोंधळली. माधवला मात्र समजलं. त्याच्या खिशातला फोन थरथरत होता. तो म्हणाला, “अक्का, मी इथंच हाय.” मग नाकावर मास्क आला आणि पुढचं मला माहीत नाही. ते माहीत होण्याची सोयच नाही.

शुद्धीवर आल्यावर मी सिस्टरला विचारलं, “डॉक्टर शेवटपर्यंत होते का?” ती सलाईनकडं बघत म्हणाली, “हो की आजी, इथंच होते.” फार पटकन म्हणाली.

घरात कुणी झोपलं की विसू त्याच्या छातीकडं बघत बसायचा. धंद्याची सवय. दुपारी माझा डोळा लागायचा, जाग आली की हा समोर खुर्चीत. मी ओरडायची, “मेले न्हाई अजून, जा की!” हसून उठायचा... त्या दिवशी माझ्या शेजारच्या खाटेवर एका पोरसवदा बाईला ऑपरेशन करून आणून टाकलं. तिच्याजवळ कोणीच नव्हतं. पोटाचे टाके ओढत होते, तरी मी कुशीवर वळले आणि तिच्या छातीकडं बघत राहिले, ती डोळे उघडून पाणी मागेपर्यंत.