गुडघ्यांचं चूर्ण

इंग्लंडमध्ये लेस्टरला आल्यावर पहिली दोन वर्षं माझी पुण्याची बी.फार्म.ची डिग्री फाइलमध्ये पडून होती. नवरा हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, मुलगी शाळेत. इथे फार्मसिस्ट म्हणून रजिस्टर व्हायचं तर पुन्हा कोर्स, परीक्षा, ट्रेनिंग. तोवर घरात बसून कंटाळा आला म्हणून मी आपल्या लोकांच्या दुकानांच्या रस्त्यावर एका ग्रोसरीत पार्ट-टाइम काम धरलं.

दुकानात डाळी, पिठं, लोणची, अगरबत्त्या. टिलच्या, म्हणजे गल्ल्याच्या, मागे मात्र एक काचेचं कपाट होतं. केस उगवण्याचं तेल, शुगर उतरवणारा काढा, पुरुषांसाठी घोड्याचं चित्र असलेली डबी. सगळ्यात जास्त खपायचं ते सांधेदुखीचं चूर्ण. हिरवं लेबल, त्यावर पान, खाली 'शंभर टक्के नॅचरल'.

ते चूर्ण कुठून यायचं, मला कळलं नाही. मागच्या खोलीत, फरशी पुसायच्या बादलीशेजारी, एका पिवळ्या टबमध्ये ते असायचं. त्यात खुपसलेला चमचा सकाळी हिंगात असायचा. मी तोच चमचा घेऊन बाटल्या भरायचे. मालक जिभेवर बोट ओलं करून लेबलं सुटी करायचे आणि चिकटवायचे. तरी मी भरत राहायचे. हिंग, मेथी आणि ओलसर भिंतींचा तो वास माझ्या कार्डिगनला चिकटून घरी यायचा.

मालक मूळचे दादरचे, वागायला गोड. मी फार्मसी शिकलेय हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला! गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्याकडे क्वालिफाइड ताई आहेत. त्यांनाच विचारा." माझ्या डिग्रीचा या देशातला पहिला उपयोग हा असा झाला.

तिथे एक काकू यायच्या. तीस वर्षं होजिअरीच्या फॅक्टरीत उभ्याने काम केलेल्या, यजमान गेलेले, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या. दर पंधरा दिवसांनी बसने येऊन एक बाटली न्यायच्या. "गुडघे विसरलेच बघ मी," असं म्हणून काउंटरपाशी दोन उठाबशा काढून दाखवायच्या. मला हसू यायचं.

तीन-चार महिन्यांनी एके दिवशी त्या आल्या तर चेहरा वाटोळा, तुकतुकीत, गाल फुगलेले. "तब्येत सुधारलीय ना?" त्यांनी कौतुकाने विचारलं. पर्स उघडताना बाही वर सरकली. हाताची कातडी कागदासारखी पातळ झाली होती आणि तिच्यावर जांभळे डाग होते. हा चेहरा मी पुस्तकात पाहिला होता. महिनोन्महिने स्टेरॉइड खाल्लेल्या माणसाचा चेहरा.

त्या गेल्यावर मी मालकांना विचारलं, "यात काय घातलंय?"

"जडीबुटी."

"आणि?"

त्यांनी बोट चाटून एक लेबल सोडवलं. "ताई, लोकांना गुण येतोय. तुम्हाला काय त्रास होतोय?"

पुढच्या खेपेला काकू आल्या तेव्हा मालक बँकेत गेले होते. मी सरळ सांगून टाकलं, "संपलंय, काकू. आता येणार नाही." खरं सांगायची हिंमत नव्हती. आणि स्टेरॉइड असं एकदम बंद केलं तर जिवावर बेततं, हे शिकलेली मी, त्या क्षणी फक्त आपण किती चांगलं काम केलं याच समाधानात होते.

आठवड्याभराने काकूंची शेजारीण दुकानात आली. काकू उलट्या करून करून किचनमध्ये कोसळल्या होत्या. हॉस्पिटलमध्ये बीपी लागत नव्हतं. इथून काही पावडर न्यायच्या म्हणे, ती कसली, असं डॉक्टर विचारताहेत.

मालक म्हणाले, "जिरे-धणे न्यायच्या. असलं काही आम्ही ठेवतच नाही." बोलताना त्यांनी पाठीने काचेचं कपाट झाकलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात धमकी नव्हती. तुम्ही आमच्यातल्याच, असा विश्वास होता. त्याची मला जास्त किळस आली.

मी त्यांना बाजूला सारून बाटली काढली आणि शेजारणीच्या हातात दिली. "ही डॉक्टरांना द्या. यात स्टेरॉइड असणार, आणि ते अचानक बंद झालंय, एवढं नक्की सांगा." मग एप्रन काढून टिलवर ठेवला. मालक मागून म्हणाले, "भरल्यात तुम्हीच, ताई." ते खरंच होतं.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तक्रार कर, आणि बाटल्या तू भरल्यास, हेही लिही." तसं लिहूनच मी कौन्सिलला तक्रार केली. त्यांची माणसं येऊन टब घेऊन गेली. तपासणीत स्टेरॉइडच निघालं. कपाट रिकामं झालं, आणि काही दिवसांनी त्यात गणपतीच्या मूर्ती दिसायला लागल्या.

वॉर्डात भेटायला गेले तेव्हा काकू उशीला टेकून बसल्या होत्या. मी सांगितलं, स्टॉक संपला नव्हता, मी खोटं बोलले.

"आणि विकत होतीस तेव्हा?" त्यांनी विचारलं. "तेव्हा खरं बोलत होतीस का गं?"

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या हळूहळू कमी करत त्या सावरल्या, पण गुडघे पहिल्यासारखे धरले आणि शुगर कायमची मागे लागली. एका दुपारी त्यांचा फोन आला. मला वाटलं, राग गेला असेल.

"अगं, मंदिरात एका बाईकडे बाटली पाहिली. लेबल निळं आहे, पण वास तोच. बघून सांगशील का, तेच आहे का ते?"

"काकू, तुम्ही मरता मरता वाचलात!"

"तू चाल माझ्या गुडघ्यांवर, मग बोल," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन ती बाटली मागितली. त्यांनी विकत घेतलेलीच होती. बरीच वादावादी झाल्यावर त्यांनी ती माझ्याकडे दिली, पण एका अटीवर: दर मंगळवारी मी गाडीने त्यांना फिजिओथेरपीला न्यायचं. आता मी इथली रजिस्टर्ड फार्मसिस्ट आहे आणि मंगळवारी सुट्टी घेते. गाडीत त्या माझ्याशी फारसं बोलत नाहीत. उतरताना मात्र माझा हात धरतात, अगदी घट्ट, कारण त्यांना तोल सांभाळता येत नाही.