ओक्कोच्या शेजारी तुओवीचं रक्त

तुर्कू शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत तुओवी लेहतिसालो एकतीस वर्षं होती, आणि मी तिच्या काचा धुवायची. बाईचा एक हट्ट. आजाऱ्याचं रक्त आलं की त्याच तासाला, त्याच खोक्यातल्या नळीत स्वतःचं रक्त काढायचं आणि शेजारी तपासायचं. हाताची टोचून टोचून चाळणी झाली होती. "शेजारी धडधाकट माणूस नसेल तर आजारी कोण ते कळणार कसं?" म्हणायची. सगळे हसायचे. मीसुद्धा, लाज नाही सांगायला.

त्या गुरुवारी ती दात दाखवायला गेली होती. तेवढ्यात डॉक्टर अहोकासनं सात आठवड्यांच्या ओक्कोचं रक्त तपासायला घेतलं. एरवी दोनेक आठवड्यांत गळणारी नाळ बाळाची अजून गळाली नव्हती, बेंबीभोवती लाल झालं होतं, म्हणून एका दुर्मिळ आजाराचा संशय होता. आपल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर चिकटणारी प्रथिनं असतात. जखमेपाशी आल्या की पेशी त्या प्रथिनांनी रक्तवाहिनीची भिंत धरतात, गडगडत सावकाश होतात, थांबतात आणि भिंतीतून पलीकडे शिरतात. ती प्रथिनंच नसली तर पेशी नुसत्या वाहत राहतात, जखमेपर्यंत पोचतच नाहीत. मग दुसऱ्याची अस्थिमज्जा घालायची, आणि तोवर बाळ तगेल का, देव जाणे.

तुओवी परतली, अर्धं तोंड सुन्न. अहोकास पडद्यासमोर पांढराफटक होऊन बसला होता. शिरेच्या अस्तराच्या पेशी आम्ही काचेवर वाढवतो. त्या काचेवरून ओक्कोच्या पेशी सुसाट चालल्या होत्या. एक थांबेल तर शपथ!

"तीन वाजता बाळाच्या आईला सांगतोय," तो म्हणाला.

"माझं रक्त कुठाय शेजारी?"

"कालचं आहे ना तुमचं. छान चिकटलं होतं."

"कालच्याचं काय लोणचं घालू? आज काढ. बाळाला वापरलंस त्याच खोक्यातली नळी घे."

"अहो, दोन वाजले. कॉफी..."

"खड्ड्यात गेली कॉफी!"

माझ्या हातातली बशी हातातच राहिली. दोनची कॉफी तिनं कधी चुकवली नव्हती.

तिचंही रक्त बाळाच्यासारखंच, न धुता चालू केलं. तिच्याही पेशी सुसाट! एक थांबेना. बाई अर्ध्या तोंडानं खो खो हसली. "घ्या! बासष्टाव्या वर्षी मलाही तोच आजार. दाखव ती नळी."

नळीला जांभळं बूच होतं. अहोकासनं कपाळावर हात मारला. बालविभागातली ती नेहमीची नळी, पेशी मोजायची. रक्त गोठू नये म्हणून तिच्यातलं औषध कॅल्शियम पकडून ठेवतं, आणि त्याच्याशिवाय प्रथिनांची पकड बसत नाही. एरवी आम्ही पेशी धुऊन घेतो, म्हणून निभावतं. पण ओक्कोचं रक्त चमचाभरही नव्हतं, म्हणून यानं न धुताच चालवलं.

"म्हणजे बाळ बरं आहे!" मी ओरडले.

"म्हणजे आपल्याला अजून काहीच माहीत नाही," तुओवी म्हणाली. "हिरव्या बुचाची नळी आण. तिच्यातलं औषध कॅल्शियमला हात लावत नाही."

ओक्कोची आई सैला बाळाला घेऊन स्वतःच खाली आली. "पुन्हा टोचणार?" तिनं बाळाचा हात दुपट्यात लपवला.

"दोघांना टोचणार," तुओवी बाही वर करत म्हणाली. "आधी मला."

तिच्या पेशी चिकटल्या. मग ओक्कोच्या सोडल्या. एक गेली. दुसरी गेली. तिसरी मात्र गडगडायला लागली.

"धर गं, धर!" तुओवी पडद्यावर ओरडली.

पेशी थांबली! पसरली, चपटी झाली, आणि अस्तराच्या दोन पेशींच्या फटीतून हळूहळू आत... गेली! मागून चार, मागून दहा. अहोकासनं टेबलावर अशी थाप मारली की बाळ दचकून रडायला लागलं.

"या याच्याच ना?" सैलानं विचारलं.

"याच्याच. माझ्या त्या, डावीकडच्या."

सैला मटकन खुर्चीत बसली आणि बाळाच्या डोक्यावर तोंड ठेवून हमसून हमसून रडली. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

औषधानं लाली गेली. दहा दिवसांनी सैलाचा फोन आला: अंघोळीत नाळ गळाली! फोन अहोकासनं घेतला, उजव्या हातानं. डाव्या हाताची बाही वर होती आणि कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा दाबलेला होता.