काकांची जीभ

आमच्या काकांना सगळे 'जीभ' म्हणायचे आणि काकांना ते मनापासून आवडायचं. नदीकाठच्या धुक्यात वाढणाऱ्या जाड सालीच्या काळ्या द्राक्षांची फेसाळती लाल वाइन आम्ही करायचो. गिऱ्हाईक आलं की काका सुरू व्हायचे. "थंडच घ्या. सोबत चरबीवालं सॉसेज, नाहीतर जुनं खारट चीज. फेसानं तोंड साफ होतं, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो." मी त्यांची पुतणी, बाटल्यांना लेबलं लावायचे, हे प्रवचन मला तोंडपाठ होतं.

बाटल्या भरण्याआधी टाकीत साखर घालावी लागते. ती बंद बाटलीत आंबते आणि वाइनला फेस येतो. साखर पडली की नाही, याची नोंद आमच्याकडे कुणी ठेवत नसे. काका एक घोट घेत आणि सांगत. साखर घातली की टाकीवर पाटी लावू या, असं मी एकदा सुचवलं, तर मी त्यांच्या तोंडात मारल्यासारखे ते दिवसभर अबोल होते.

त्या वर्षी बाटल्या भरून सहा आठवडे झाले आणि एका सकाळी चहाच्या वेळी तळघरात धाडकन आवाज झाला. पाठोपाठ दुसरा.

तळघरातल्या बाटल्या फिरवायचं काम वहिनीचं, म्हणजे काकांच्या सुनेचं. ती कप टाकून उठली.

"काच खराब आली असेल," काका म्हणाले.

"मग पाच-दहाच असतील तशा. बघून बाजूला काढते." तिने हातमोजे चढवले, उडणाऱ्या काचेपासून बचावाची जाळी तोंडावर बांधली.

काका पांढरेफटक पडले होते. मला वाटलं, मालाची धास्ती. खाली तिसरी फुटली. वहिनीने तळघराचं दार उघडलं, तसे काका खुर्ची पाडून धावले आणि दारात आडवे उभे राहिले.

"खाली जायचं नाही."

"बाबा, सरका. शेजारच्या बाटल्याही जातील."

"काच चांगली आहे. साखर दोनदा पडलीय, सूनबाई. सगळ्याच फुटणार."

वहिनी थबकली. "साखर मी घातली होती. घालून पोरीला शाळेतून आणायला गेले. तुम्ही घोट घेतलात ना?"

"घेतला."

"मग?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथून जावं, अशी त्यांची इच्छा होती. मी हलले नाही. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता.

"हिवाळ्यात ताप आला, तेव्हापासून चवच गेलीय," ते म्हणाले. "गोड कळत नाही, खारट कळत नाही. तुला विचारायची लाज वाटली. अंदाजानं घातली."

खाली एकदम दोन फुटल्या. काचेचा एक तुकडा जिन्यावर खणकन आपटला. वहिनीने दार ओढून कडी घातली.

"पाच महिने?" ती म्हणाली. "आणि रोज जेवताना म्हणायचात, आज छान झालंय."

"तुझ्या चेहऱ्यावरून ओळखायचो."

मला वाटलं, आता ती विरघळेल. मी तर विरघळलेच होते. वहिनीने तोंडावरची जाळी काढली.

"बाबा, तुम्ही आधी काच म्हणालात," ती म्हणाली. "मी उठले, मोजे घातले, दार उघडलं. तोवर तुम्ही गप्प बसला होतात."

खाली बाटल्या फुटत राहिल्या.